पुंजाजी मास्तरांची चूलबंद तपासणी

पुंजाजी मास्तरांवर कोणीतरी लिहायला हवं होतं. पण ज्यांना लिहिता येतं ते सगळे त्यांचेच विद्यार्थी, म्हणजे आळशी. शेवटी ते काम माझ्या गळ्यात पडलं. मी बापूराव, मराठी चौथी पास, धंदा वांगी आणि मेथी. इंग्रजीच्या वर्गात मी एक दिवस बसलेलो नाही. पण माझ्या विहिरीची धाव, म्हणजे मोटेचे बैल खालीवर चालतात ती उतरण, शाळेच्या मागच्या भिंतीला लागून होती, आणि मोट हाणताना अकरा वर्षं त्या भिंतीतून जे जे कानात शिरलं ते अजून आतच आहे. मेथी खुडतानासुद्धा इंग्रजी आठवतं, याला काय करणार?

मालेगावाहून वाशीमकडे निघालं की डाव्या हाताला आमचा माळीपुरा लागतो. चाळीस घरं, सगळी भाजीपाल्यावर जगणारी. पुंजाजी त्यातलाच. वाशीमला शिकायला गेला आणि मॅट्रिकला दोनदा आपटला. त्याचं म्हणणं असं की पेपरात 'एव्हरीबडी' नावाचा एक शब्द होता आणि त्याच्यापुढे 'इज' लिहायचं की 'आर' ते विचारलं होतं. इज एकट्यासाठी, आर पुष्कळांसाठी. एव्हरीबडी म्हणजे सगळे. आमच्या माळीपुऱ्यात सगळे आले तर दोनशे माणूस होतं. पुंजाजीनं 'आर' लिहिलं आणि नापास झाला. पुढच्या साली रागानं, ठळक अक्षरात पुन्हा 'आर' लिहिलं आणि पुन्हा नापास झाला. बाकीच्या पेपरात काय दिवे लावले होते ते त्यानं कधी सांगितलं नाही. तिसऱ्या खेपेला मान खाली घालून 'इज' लिहिलं आणि पास झाला. तेव्हापासून त्याची खात्रीच झाली की इंग्रजाचं राज्य या एका शब्दावर उभं आहे.

पुढे गावच्या शाळेला इंग्रजीचा एक वर्ग जोडला गेला आणि पुंजाजीचे पुंजाजी मास्तर झाले. मास्तरांनी त्या वर्गात बाकी काय शिकवलं ते मला नक्की सांगता येणार नाही. भिंतीतून मला एकच धडा ऐकू यायचा. सगळे म्हणजे एक! पोरांना ते पटेना. मास्तरांनी पोत्यात वांगी भरून दाखवली, की बघा, वांगी पुष्कळ पण पोतं एक. पोरांनी पोतं पाहिलं, वांगी मोजली आणि पुन्हा 'आर' म्हणाले. मास्तर त्या दिवशी डोकं धरून माझ्या धावेवर येऊन बसले होते.

मग त्यांना आवतनाची युक्ती सुचली. आमच्याकडे जेवणाचं आवतन दोन तऱ्हेचं असतं. एक 'घरटी एक', म्हणजे प्रत्येक घरातून एकच माणूस येणार. दुसरं 'चूलबंद', म्हणजे घरातल्या सगळ्यांनी यायचं, त्या दिवशी घरी चूल पेटवायचीच नाही. मास्तरांनी वर्गाला सांगितलं, एव्हरीबडी, समबडी, नोबडी आणि ईच ही सगळी घरटी एकची मंडळी. आवतन साऱ्या गावाला असलं तरी दारात जाऊन आपण एकालाच म्हणतो ना? म्हणून इज. बोथ, फ्यू आणि मेनी हे चूलबंदवाले, पोराबाळांसकट येणारे, म्हणून आर. राहिले ऑल, सम आणि नन. त्यांच्या बाबतीत पानात काय पडलं ते बघायचं. वरण पडलं तर इज, रोडगे पडले तर आर. वरण काही मोजता येत नाही, पण गोवऱ्यांच्या आरावर, म्हणजे निखाऱ्यावर भाजलेले कणकेचे रोडगे पाहुण्यानं किती खाल्ले ते आमच्याकडे मोजलं जातंच.

दुसऱ्या दिवशी सबंध वर्गाला नियम पाठ. जेवणाची गोष्ट असल्यावर आमची पोरं कशाला विसरतात! मास्तरांना तर सोन्याची खाण सापडल्यासारखं झालं. रोज सकाळी ते विचारायचे, "घरटी एक?" आणि तीस पोरं बोंबलायची, "इज!" मास्तर विचारायचे, "चूलबंद?" आणि पोरं, "आर!" माझा ढवळ्या बैल 'इज' ऐकला की धावेवरून खाली उतरायचा आणि 'आर' ऐकला की मागे यायचा. शाळेला सुट्टी असली की तो जागचा हलायचा नाही. त्या दिवशी मला स्वतः ओरडावं लागे. माझी रंगूबाई तेव्हा म्हणायची, "माह्या मालकाले वारं तं नाही लागलं?"

आता मास्तरांच्या जिवावर बेतलेली गोष्ट सांगतो. मास्तर अकरा वर्षं हंगामी होते. दर उन्हाळ्यात नोकरी सुटायची आणि पावसाळ्यात पुन्हा लागायची. त्यांचे सासरे त्यांना तोंडावर 'हंगामी जावई' म्हणत. बाग एकट्या गोजराबाईनं, म्हणजे मास्तरांच्या बायकोनं सांभाळली. मोट ती हाणायची, वाफे ती धरायची, बाजाराला ती जायची. एकदा मास्तरांनी मोट हाणून पाहिली होती तर मोट विहिरीत, नाडा हातात आणि बैल घरी, असा प्रकार झाला. गोजराबाई त्या दिवशी म्हणाली, "तुमी शिकवा. बैलाइले कायले तरास?" चिडून म्हणाली असं लोकांना वाटलं. पण नवऱ्याला कोणी मास्तर म्हटलं की ती पदर नीट करायची, ते मी पाहिलेलं आहे.

चौतीस साली वरून कागद आला. माघ महिन्यात डिप्टी साहेब वर्गाची तपासणी करणार. पोरं तयार दिसली तर मास्तर कायम, नाहीतर वर्ग बंद. वर्ग बंद म्हणजे मास्तर मोटेवर. मास्तरांनी जेवण सोडलं. आणि साऱ्या माळीपुऱ्यातल्या बैलांनीही सोडलं असतं, त्यांना कागद वाचता आला असता तर.

तपासणीच्या आदल्या दिवशी मास्तरांनी धडा असा काही घोकून घेतला की भिंतीचे पोपडे निघाले. पोरांना नवं उदाहरण पाहिजे म्हणून ते ओरडायचे, "उद्या दुपारी शाळेत पुंजाजी मास्तरच्या घरचं जेवण! सगळ्या माळीपुऱ्याले आवतन! चूलबंद!" आणि पोरं गर्जायची, "आर!" असं एकदा नाही, वीस वेळा.

मी मोट थांबवली. इथं आमची रीत सांगितली पाहिजे. यजमानानं स्वतःचं नाव घेऊन, तीनदा मोठ्यानं म्हटलं की आवतन पक्कं होतं. आणि 'चूलबंद' हा शब्द आमच्याकडे कोणी थट्टेत उच्चारत नाही, कारण तो कानावर पडला की बाया चुलीवर पाणी शिंपडतात. मास्तरांनी तर वीसदा म्हटलं होतं. मला वाटलं, अकरा वर्षांनी माणूस कायम होतोय, साहेब येतोय, खुशीचं जेवण असणारच. मास्तर वाशीमला राहून गावची रीत विसरले असतील हे माझ्या डोक्यात कसं येणार?

मी तडक जगदेवकडे गेलो. माळीपुऱ्यात घरोघर आवतन पोचवायचा मान त्याच्या घराण्याकडे होता. जगदेव म्हणाला, "मास्तरले एकडाव इचारू का?"

"येडा झाला काय?" मी म्हणालो. "दुसऱ्यांदा इचारनं म्हनजे त्याच्या हाताले आखडलेला म्हननं. यजमानाले असं इचारत असतेत काय?"

जगदेवला ते पटलं. दिवस बुडायच्या आत एकोणचाळीस दारं झाली. गोजराबाई तेवढी राहिली, कारण ती पाट्या भरून वाशीमच्या बाजाराला गेली होती आणि बहिणीकडे मुक्काम करून दुसऱ्या दिवशी येणार होती. मास्तरांच्या घरी आवतन द्यायचा तर प्रश्नच नव्हता. स्वतःच्याच जेवणाचं आवतन कोणी स्वतःला देतं का?

सकाळी डिप्टी साहेब दमणीतून, म्हणजे हलक्या बैलगाडीतून आले. दमणी हाकायला लखीराम होता, पोहरादेवीकडचा. साहेब बारीक अंगाचे, खिशात घड्याळ, आणि ते घड्याळ दर पाच मिनिटांनी बाहेर. संध्याकाळची आगगाडी त्यांना वाशीमला गाठायची होती. साहेब वर्गात बसले आणि थोड्या वेळानं बाहेर माळीपुरा जमायला लागला. प्रत्येकाच्या एका हातात थाळी, एका हातात पाण्याचा लोटा. पोरंबाळं, म्हातारेकोतारे, बाळंतीणसुद्धा. बसायला जागा पुरेना तेव्हा लोक खिडक्यांना चिकटले.

साहेबांनी पहिल्याच पोराला विचारलं, "एव्हरीबडी..." आणि पुढची जागा रिकामी सोडली. ते पोरगं म्हणजे माझा पुतण्या. त्यानं समोर पाहिलं तर खिडकीत बाप, आई, आजी, आत्या आणि मी, सगळे थाळ्या घेऊन. त्याचं तोंड उघडलं ते उघडंच राहिलं. दुसरा उठला, त्याला रडू आलं. तिसऱ्यानं 'थाळी' असं उत्तर दिलं. साहेबांनी कागदावर काहीतरी लिहिलं. लिहिणं थोडकंच होतं, पण ते बघून मास्तरांचा चेहरा उतरलेल्या कढईसारखा काळा पडला.

"बाहेर हे लोक कोण?" साहेबांनी विचारलं.

जगदेवला वाटलं आपल्यालाच विचारलं. तो दारातून आत आला, पागोटं सावरलं आणि म्हणाला, "चूलबंद आलं, मास्तर. एकही घर सुटलं नाही. पानं कुठं मांडू?"

मास्तर दारातच खाली बसले. त्यांना सगळा उलगडा झाला होता. मलाही झाला आणि मी हळूच खिडकीतून मान काढून घेतली. 

एवढ्यात गोजराबाई रिकाम्या पाट्या घेऊन आली. तिनं दोनशे माणसं पाहिली, थाळ्या पाहिल्या, दारात बसलेला नवरा पाहिला. 'जेवण नाही' एवढे दोन शब्द ती म्हणाली असती तर जन्माची शोभा झाली असती. ती म्हणाली नाही. तिनं पदर खोचला आणि सरळ माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"भाऊजी, कोनं सांगतलं जगदेवले?"

मी ढवळ्याकडे बोट दाखवणार होतो, पण धीर झाला नाही. "म्या," म्हणालो.

"आग तुमीच लावली, आता गवऱ्याही तुमीच आना. आन तुमचा वांग्याचा वाफा मले दिसून राह्यला. तो आज गेला म्हनून समजा."

मग ती बायांकडे वळली. पाहुण्यांनी पीठ आणायचं म्हणजे यजमानाचा अपमान, पण तिनं मागितलं असतं तर ना! तिनं हुकूम सोडला. "आज कोनाच्याच घरी भाकर झाली नाही. ते पीठ, डाळ पडून काय करते? घेऊन या, पाय उचला!" घराघरात गहू कुठला असायला? ज्वारीचंच पीठ जास्त आलं. गहू नावाला, ज्वारी पायलीनं, असे रोडगे झाले. ते आरातून निघाले तेव्हा एक रोडगा हातून सुटून दगडावर पडला. दगडाचा कोपरा उडाला.

साहेब शाळेची बुकं तपासता तपासता हे सगळं पाहत होते. त्यांनी कागद घडी करून खिशात घातला आणि दमणीकडे गेले. दमणीचे बैल सोडलेले, कडबा खात उभे. लखीराम पंगतीत मांडी ठोकून बसलेला. साहेब म्हणाले, "चल." लखीराम म्हणाला, "साहेब, पान मांडलंय. आता उठनं बरं नाही दिसत." गाडी हाकणाऱ्याशिवाय साहेब जाणार कुठे? तेही येऊन बसले, मास्तरांच्या शेजारी.

पंगत सुरू झाली. साहेबांनी दोन रोडगे वरणात कालवून खाल्ले, वांग्याची भाजी दोनदा घेतली, घड्याळ पाहिलं आणि उठायला लागले. साऱ्या पंगतीनं माना वळवल्या. जगदेवनं त्यांच्या कोटाची बाही धरली.

"बसा साहेब. तुळसामायचं व्हाचं आहे."

तुळसामाय म्हणजे तुळसाबाई, माळीपुऱ्यातली सगळ्यात म्हातारी. बाया मागून जेवतात, पण वयाच्या मानानं तिचं पान पहिल्या पंगतीत, अगदी टोकाला. तोंडात दात एक नाही आणि पुढ्यात अर्धा रोडगा.

"तिचं होईल. मला गाडी आहे," साहेब म्हणाले.

"तसं नाही जमत. कोनी एक जेवत असन तं कोनीच उठत नाही. सारी पंगत एकदम उठते."

साहेब बसले. हात वाळायला लागला. तुळसामाय एक तुकडा घ्यायची, वरणात बुडवायची, आकाशाकडे बघायची आणि तोंडात टाकायची. मग तो तुकडा एका गालातून दुसऱ्या गालात, दुसऱ्यातून पहिल्यात. पाव घंटा गेला. साहेबांनी घड्याळ पाहिलं, पंगतीकडे पाहिलं, पुन्हा घड्याळ पाहिलं. रिकामं बसवेना तेव्हा समोरच्या पोराच्या पानातल्या वरणाकडे बोट करून नुसतंच म्हणाले, "सम ऑफ द वरण...?"

"इज!" पोरगं घास न थांबवता म्हणालं. तो माझा पुतण्याच.

साहेब चमकले. "सम ऑफ द रोडगे?"

"आर!" आता चार पोरं बोलली.

"ईच?"

"इज!"

"मेनी?"

"आर!" आता सगळा वर्ग. कोणी वांग्याचं देठ चोखत, कोणी बोट चाटत, पण एक उत्तर चुकेल तर शपथ. समोर पान असल्यावर त्यांचं काय चुकणार होतं? मास्तरांनी शिकवलं होतंच तसं. साहेबांना आता गंमत वाटायला लागली. त्यांनी मुद्दाम पोरांना सोडून जगदेवकडे बोट केलं. "नोबडी?"

जगदेव लाजला. "इज म्हनते वाटते साहेब. ते घरटी एकमधलं आहे."

"तुम्ही वर्गात होता?"

"नाही जी. माहा वाफा शाळेच्या पूर्वेले आहे."

तेव्हा साहेबांनी हात वर केला आणि साऱ्या पंगतीला ऐकू जाईल असं मोठ्यानं म्हटलं, "एव्हरीबडी..."

"इज!" दोनशे माणूस गरजलं. वाढणाऱ्या बाया, लखीराम, बाळंतीण, मी, सगळे. माझा ढवळ्या धावेवरून खाली उतरला. मास्तरांनी डोळ्यांना पंचा लावला आणि धूर गेला म्हणाले. धूर दुसऱ्या बाजूला होता.

साहेबांनी खिशातला कागद काढला, फाडला आणि बसल्याजागीच शाळेच्या बुकात नवा शेरा लिहिला. त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि तुळसामायनं लोटा तोंडाला लावला. सारी पंगत एकदम उठली. साहेबांची आगगाडी चुकली, पण ते त्याबद्दल काही बोलले नाहीत. तीन आठवड्यांनी हुकूम आला. पुंजाजी मास्तर कायम.

गोजराबाईनं तो कागद हातात घेतला. वाचता येत नसताना दोन्ही बाजूंनी पाहिला आणि देवाजवळ ठेवला. मग म्हणाली, "आता खरं आवतन द्या." मास्तर स्वतः जगदेवकडे गेले. जगदेवनं विचारलं, "घरटी एक का चूलबंद?" मास्तरांनी इकडेतिकडे पाहिलं, आवाज एकदम खाली आणला आणि त्याच्या कानात "चूलबंद" म्हणाले. त्यांना आता त्या शब्दाची धास्ती बसली होती.

या खेपेला गोजराबाईनं निव्वळ गव्हाचे रोडगे केले आणि तुळसामायसाठी एक वेगळा, तुपात भिजवून मऊ केलेला. आम्ही पंगतीला बसलो. मी पहिल्या रोडग्याचा दुसरा घास घेतोय तोवर तुळसामायचं पान साफ. तिनं दुसरा मागितला. तोही संपवला. मग कठीण, कडेला करपलेला तिसरा उचलला आणि नुसत्या हिरड्यांनी माझ्या डोळ्यांदेखत फस्त केला.

मी तिच्याजवळ सरकलो. "माय, तवा अर्ध्या रोडग्याले आर्धा घंटा काहून लागला वं तुले?"

तुळसामायनं मिशीसारखं लागलेलं तूप पुसलं. "दात नाहीत बापा, डोये आहेत ना! साहेबाच्या कागदाकडं पाह्यलं म्या. तो कागद घेऊन साहेब उठला असता तं पुंजाजी मोटेवर आला असता." तिनं मास्तरांकडे पाहिलं. मास्तर पोराला रोडगा वाढत होते आणि विचारत होते, इज का आर? "म्हनलं, साहेबाले बसवून ठिवावं. पोट भरल्यावर मानूस काहीनाकाही इचारतेच. शेवटचा घास तं गिळून झाल्यावरही मी तीनदा चावल्यावानी केलं."

हे मी मास्तरांना कधी सांगितलं नाही. आपण कायम झालो ते व्याकरणामुळे, असं ते शेवटपर्यंत समजत होते.